सूर मारण्याची कला

पाण्यात पडणे आणि पाण्यात शिरणे या दोन क्रिया वरवर पाहता सारख्याच वाटतात. परंतु त्यांमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पडणे कोणालाही येते. त्यासाठी शिकावे लागत नाही. शिरणे मात्र शिकावे लागते. उंचावरून निघून, हवेत आपल्या देहावर पूर्ण ताबा ठेवून, पाण्याच्या पृष्ठभागाला जणू सुईने टाका घालावा तसे आत शिरणे, यालाच सूर मारणे म्हणतात. ही एक कला आहे, आणि आज ती जगातील मोठमोठ्या क्रीडास्पर्धांत मानाचे स्थान पावलेली आहे.

महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतील मुलांना या कलेची ओळख करून द्यावी लागत नाही. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेस बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके एकमेकांना लागून आहेत. हा मुलूख मूळचा कमी पावसाचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नीरा नदीचा डावा कालवा खोदला गेला, तेव्हापासून या भागातील पुष्कळ शिवारांना पाण्याचा आधार मिळाला. तरी विहिरीची थोरवी काही कमी झाली नाही. इंदापूर तालुक्यातील शेळगावासारख्या गावी शेतकऱ्याचे मूल पोहणे शिकते, ते बहुधा विहिरीतच. कमरेला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून वडील माणसे त्याला पाण्यात सोडतात. चार दिवसांत भोपळा सुटतो, आणि आठ दिवसांत तेच मूल काठावरून उड्या टाकू लागते.

या उड्यांतही प्रकार असतात. गुडघे पोटाशी आवळून, ते दोन्ही हातांनी घट्ट धरून धपकन पाण्यात पडणे, हा झाला मुटका. हात डोक्यापुढे जोडून, अंग ताठ ताणून, डोक्याच्या बाजूने पाण्यात शिरणे, हा झाला सूर. मुटका मारला म्हणजे पाणी काठावर उभ्या असलेल्या सोबत्यांच्या अंगावर उडते आणि एकच हशा पिकतो. सूर चांगला साधला म्हणजे पाणी फारसे उडत नाही आणि आवाजही मोठा होत नाही. पाहणारी जाणती माणसे मात्र समाधानाने मान डोलावतात. पाणी जितके कमी उडेल तितका सूर चांगला, हा खेड्यातील विहिरीवरचा न्याय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धेतील पंचांचा न्याय एकच आहे.

या साध्या सुराचा नियमबद्ध खेळ युरोपात झाला. स्वीडन आणि जर्मनी या देशांत कसरतीचे खेळ पूर्वीपासून लोकप्रिय होते. तेथील कसरतपटू उन्हाळ्यात आपली साधने पाण्याच्या काठी नेत आणि जमिनीवर करावयाच्या कोलांट्या पाण्यावर करीत. पाण्यात पडण्याचे भय कमी, म्हणून नवी कसरत करून पाहण्यास मन धजे. कसरत आणि पोहणे यांच्या या मिलाफातून हा खेळ आकारास आला. इ. स. १९०४ मध्ये अमेरिकेतील सेंट लुइस येथे भरलेल्या ऑलिंपिक स्पर्धांत त्याचा प्रथम समावेश झाला. १९१२ साली स्टॉकहोम येथे स्त्रियांनाही त्यात भाग घेण्याची संधी मिळाली.

स्पर्धेत सूर मारण्यासाठी दोन प्रकारची साधने वापरतात. एक म्हणजे स्प्रिंगबोर्ड. ही एक लांब व लवचिक फळी असून ती पाण्यापासून १ किंवा ३ मीटर उंचीवर बसविलेली असते. खेळाडू तिच्या टोकावर झेप घेतो, फळी खाली वाकते आणि उसळी घेऊन त्याला वर फेकते. फळी केव्हा वाकेल व केव्हा उसळेल, हे अचूक ओळखून तिच्या तालाशी आपला ताल जुळविणे, हेच येथे खरे कौशल्य. दुसरे साधन म्हणजे मनोरा. त्याचा सर्वांत वरचा सज्जा पाण्यापासून १० मीटर, म्हणजे साधारणतः तीन मजली इमारतीच्या गच्चीइतका उंच असतो. तो पक्का व स्थिर असतो. तो खेळाडूला उसळी देत नाही. येथे जे काही करावयाचे, ते स्वतःच्या पायांच्या बळावर आणि मनाच्या निश्चयावर. एका साधनावर प्रवीण असलेला खेळाडू दुसऱ्यावरही तितकाच यशस्वी होईल असे नाही. म्हणूनच दोन्हींवर प्रभुत्व मिळविणाऱ्याचे विशेष कौतुक होते.

असा दुहेरी मान एका भारतीय खेळाडूने मिळविला होता, ही गोष्ट आज फार थोड्यांच्या स्मरणात आहे.

सन १९५१ चा मार्च महिना. भारताला स्वातंत्र्य मिळून अद्याप चार वर्षेही पूर्ण झाली नव्हती. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. देशापुढे अन्नाचे, निवाऱ्याचे, शिक्षणाचे असे अनेक बिकट प्रश्न उभे होते. अशा वेळी आशिया खंडातील राष्ट्रांनी खेळाच्या मैदानावर एकत्र यावे, परस्परांशी स्नेह जोडावा, अशी कल्पना गुरुदत्त सोंधी या क्रीडाप्रेमी शिक्षणतज्ज्ञाने मांडली आणि भारताने तिचे यजमानपद स्वीकारले. स्पर्धा खरे म्हणजे १९५० सालीच व्हावयाच्या होत्या. तयारीस विलंब लागल्यामुळे त्या पुढे ढकलाव्या लागल्या. अखेर ४ मार्च १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते नवी दिल्ली येथे पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धांचे उद्घाटन झाले. ११ मार्चपर्यंत चाललेल्या या स्पर्धांत अकरा देशांचे ४८९ खेळाडू सहभागी झाले होते.

या आठ दिवसांत भारतीय खेळाडूंनी १५ सुवर्ण, १६ रौप्य व २० कांस्य अशी एकूण ५१ पदके मिळविली. जपानच्या खालोखाल भारताचा क्रमांक लागला. मुंबईच्या लेव्ही पिंटो यांनी १०० व २०० मीटरच्या धावण्याच्या दोन्ही शर्यती जिंकल्या. जलतरणात सचिन नाग यांनी १०० मीटरची शर्यत जिंकून आशियाई स्पर्धांतील भारताचे पहिले सुवर्णपदक मिळविले. हे सचिन नाग वाराणसीचे. गंगेच्या पात्रात पोहूनच त्यांचे हात तयार झाले होते. वॉटर पोलो या पाण्यातील चेंडूच्या खेळातही भारतीय संघ विजयी झाला.

आणि सूर मारण्याच्या स्पर्धांत के. पी. ठक्कर या भारतीय खेळाडूने ३ मीटरची लवचिक फळी आणि १० मीटरचा मनोरा या दोन्ही प्रकारांत सुवर्णपदक पटकाविले! फळीचा ताल आणि मनोऱ्याची उंची या दोन्ही परीक्षांत तो पहिला आला. ज्या देशात सूर मारण्यासाठी योग्य असे तलाव बोटांवर मोजण्याइतकेच होते, त्या देशाच्या पथकाने या खेळातील पुरुषांची दोन्ही मानाची स्थाने आपल्याकडे खेचून आणावीत, ही गोष्ट सामान्य नव्हती.

या विजयाचे मोल नीट समजावयाचे, तर सूर मारणाऱ्याला काय साधावे लागते ते पाहिले पाहिजे.

दहा मीटर उंचीवरून खाली येणाऱ्या माणसाला पाण्यापर्यंत पोहोचण्यास सुमारे दीड सेकंद लागतो. 'एक, दोन' असे म्हणण्याइतकाच हा अवधी. पाण्याला स्पर्श होतो तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे ५० किलोमीटर असतो. एवढ्या वेगाने अंगाचा सपाट भाग पाण्यावर आपटला, तर मऊ वाटणारे पाणी फरशीसारखे लागते. विहिरीत ज्याचा सूर एकदा तरी चुकून पोटावर आपटला असेल, त्याला हे वेगळे सांगावयास नको. या दीड सेकंदात खेळाडूला उडी घ्यावी लागते, हवेत कोलांट्या व गिरक्या घ्याव्या लागतात, त्या ठरल्याप्रमाणे पुऱ्या कराव्या लागतात, आणि अखेरीस अंग बाणासारखे सरळ करून उभ्या रेषेत पाण्यात शिरावे लागते. तलावाचे स्थिर पाणी आरशासारखे भासते व त्याचा पृष्ठभाग नेमका कोठे आहे हे वरून कळत नाही. म्हणून स्पर्धेच्या वेळी पाण्यावर बारीक फवारे सोडून तरंग उठविण्यात येतात. हवेत फिरणाऱ्या खेळाडूला आपले लक्ष्य दिसावे, एवढ्यासाठी ही योजना.

सुरांचे सहा वर्ग मानले जातात. पाण्याकडे तोंड करून पुढे झेपावणे, पाण्याकडे पाठ करून मागे झेपावणे, तोंड पाण्याकडे ठेवून कोलांटी मात्र फळीच्या दिशेने घेणे, पाठ पाण्याकडे ठेवून फळीकडे वाकत कोलांटी घेणे, अंगाला मळसूत्रासारखे पीळ देत उतरणे, आणि हातांवर उभे राहून तेथून सूर मारणे, हे ते सहा वर्ग होत. यांपैकी शेवटचा प्रकार मनोऱ्यावरूनच करतात. हवेत देहाची ठेवणही निरनिराळी असते: कधी अंग ताठ, कधी कमरेत वाकलेले पण गुडघे सरळ, तर कधी गुडघे छातीशी आवळून धरलेले. ही तिसरी ठेवण म्हणजे विहिरीवरचा मुटकाच. फरक इतकाच, की विहिरीवर मुटका आवळलेल्या स्थितीत पाण्यावर आदळतो, आणि स्पर्धेतील खेळाडू पाण्याला शिवण्यापूर्वी तो उलगडून त्याचा सूर करतो.

गुण देण्याची पद्धतही मोठी मनोरंजक आहे. आजच्या मोठ्या स्पर्धांत वैयक्तिक प्रकारासाठी सात पंच असतात. प्रत्येक पंच शून्यापासून दहापर्यंत गुण देतो. अर्धा गुणही देता येतो. सात गुणांतील सर्वांत मोठे दोन व सर्वांत लहान दोन वगळण्यात येतात, म्हणजे एखाद्या पंचाच्या आवडीनिवडीचा परिणाम होत नाही. उरलेल्या तीन गुणांची बेरीज करून तिला त्या सुराच्या अवघडपणाच्या अंकाने गुणतात. समजा, सात पंचांनी ६.५, ७, ७, ७.५, ७.५, ८ आणि ८ असे गुण दिले. दोन्ही टोकांचे दोन दोन गुण वगळले, तर ७, ७.५ आणि ७.५ हे उरतात. त्यांची बेरीज २२. त्या सुराच्या अवघडपणाचा अंक ३ असेल, तर खेळाडूला ६६ गुण मिळाले.

या हिशेबात एक मोठा बोध दडलेला आहे. सोपा सूर निवडला, तर तो उत्तम साधूनही गुण बेताचेच मिळतात. अवघड सूर निवडला आणि तो बिघडला, तर जवळचे होते तेही जाते. उदाहरणार्थ, अवघडपणाचा अंक १.५ असलेल्या सुराला तीनही पंचांकडून ९ गुण मिळाले, तरी एकूण होतात ४०.५. अंक ३ असलेल्या सुराला ६ गुण मिळाले, तर होतात ५४. पण तोच सूर बिघडून ४ गुण मिळाले, तर अवघे ३६. म्हणजे नुसते साहस पुरत नाही आणि नुसता जपून वागण्याचा स्वभावही पुरत नाही. आपली शक्ती ओळखून तिच्या अगदी सीमेवरचे काम अंगीकारावे आणि ते पूर्ण तयारीने पार पाडावे, हेच या गणिताचे सांगणे आहे. आणखी एक नियम असा, की आपण कोणता सूर मारणार हे खेळाडूला आधीच लिहून द्यावे लागते. लिहून दिला एक आणि मारला दुसरा, तर तो कितीही सुंदर असला तरी त्याला शून्य गुण मिळतात. बोलल्याप्रमाणे वागावे, हा धडा हा खेळ असा शिकवितो.

अशी सिद्धता पाण्यात उड्या मारीत राहिल्याने येत नाही. या खेळाचा पुष्कळसा अभ्यास कोरड्या जमिनीवर होतो. कमरेला दोर बांधून ताणलेल्या जाळीवर कोलांट्या घेणे, गादीवर पडण्याचा सराव करणे, हातांवर उभे राहणे, पाठ, पोट आणि खांदे बळकट करणे, या गोष्टी वर्षानुवर्षे नित्यनेमाने कराव्या लागतात. महाराष्ट्राला ही शिस्त परकी नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाला नवे जीवन दिले. त्या खांबावर अंग आवळणे, उलगडणे, उलटे होणे आणि तोल सांभाळून उतरणे ही कौशल्ये मराठी मुले पिढ्यानपिढ्या शिकत आली आहेत. मल्लखांबावर कसलेला देह आणि विहिरीवर मोडलेली भीती या दोन्ही गोष्टी ज्या भूमीत आहेत, त्या भूमीतून सूर मारणारे खेळाडू निपजावेत यात नवल ते काय? पुणे येथे २००१ साली स्थापन झालेल्या सैन्यदलाच्या क्रीडा संस्थेने ज्या निवडक खेळांवर भर दिला, त्यांत सूर मारण्याचा खेळही आहे. पुण्याजवळ बालेवाडी येथे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेल्या क्रीडासंकुलातही या खेळासाठी स्वतंत्र खोल तलाव बांधण्यात आला.

एवढे असूनही एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. १९५१ नंतर आशियाई स्पर्धांत सूर मारण्याचे सुवर्णपदक भारताला पुन्हा मिळालेले नाही. दिल्लीच्या त्या पहिल्या स्पर्धांत जपानचे खेळाडू पाण्यातील प्रकारांत उतरले नव्हते. पुढील स्पर्धांत ते उतरू लागले आणि चुरस वाढली. १९७४ साली तेहरान येथे चीनने आशियाई स्पर्धांत प्रथमच भाग घेतला आणि या खेळात आपले प्रभुत्व स्थापन केले. २०२३ साली हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धांत सूर मारण्याची दहाही सुवर्णपदके चीनने मिळविली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तर आठपैकी आठही सुवर्णपदके चिनी खेळाडूंच्या गळ्यात पडली. भारताचे रामानंद शर्मा आणि सिद्धार्थ परदेशी हे २०१८ साली जाकार्ता येथील आशियाई स्पर्धांत उतरले होते; परंतु त्यांना पदक लाभले नाही.

हे असे का झाले? भारतीय मुलांच्या अंगी धैर्य नाही, असे कोण म्हणेल? कारण दुसरीकडे शोधले पाहिजे. दहा मीटरच्या मनोऱ्यासाठी तलाव सुमारे पाच मीटर खोल असावा लागतो; असा तलाव बांधण्यास व राखण्यास मोठा खर्च येतो. जाणते मार्गदर्शक लागतात. आणि मुख्य म्हणजे अगदी लहान वयापासून अखंड अभ्यास लागतो. चीनची फू मिंगश्या ही मुलगी १९९१ साली जागतिक स्पर्धेत मनोऱ्यावरून अजिंक्य ठरली, तेव्हा ती अवघी बारा वर्षांची होती; पुढच्याच वर्षी बार्सिलोना येथे तिने ऑलिंपिक सुवर्णपदकही मिळविले. छ्वान होंगछान ही तिच्याच देशातील एका खेड्यातल्या शेतकरी कुटुंबात जन्मलेली मुलगी. टोकियोचे ऑलिंपिक सामने २०२१ साली झाले, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. तेथे तिच्या पाच सुरांपैकी दोन सुरांना सातही पंचांनी दहापैकी दहा गुण दिले! ती काही जन्मतःच सूर शिकून आली नव्हती. गावातील मुलीचे गुण कोणीतरी वेळीच हेरले, तिला साधने मिळाली आणि तिने कष्ट केले, या तीन गोष्टींचा तेथे संगम झाला. असा संगम जेथे होईल, तेथे असे यश उगवेल. मग ते गाव चीनमधील असो वा नीरेच्या काठचे असो.

अभ्यास म्हणजे चुका न होणे नव्हे. ग्रेग लुगॅनिस हा अमेरिकेचा जगप्रसिद्ध खेळाडू. १९८८ साली सोल येथील ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत त्याचे डोके फळीवर आदळले. जखम झाली, टाके घालावे लागले. हजारो प्रेक्षकांसमोर ही फजिती! दुसरा कोणी असता तर कदाचित माघारी फिरला असता. लुगॅनिस थोड्याच वेळात परत फळीवर चढला, त्याने उरलेले सूर पुरे केले, आणि दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत सुवर्णपदक जिंकले. पुढे त्याच स्पर्धेत त्याने मनोऱ्यावरचे सुवर्णपदकही मिळविले. पडणे ही लाज नव्हे. पडण्याचे कारण न शोधता तसेच पडत राहणे ही लाज होय.

येथे एका गोष्टीचा इशारा दिला पाहिजे. स्पर्धेच्या तलावाची खोली मोजलेली असते, पाणी स्वच्छ असते, तळाशी काही नसते आणि काठावर मदतीस माणसे सज्ज असतात. विहीर, नदी, कालवा किंवा शेततळे यांचे तसे नसते. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खाली जाते. काल जेथे दोन पुरुष पाणी होते, तेथे आज कमरेइतकेच असू शकते. पाण्याखाली दगड, पंपाचा पाइप, बुडालेले लाकूड लपलेले असते. कालव्याच्या पाण्याला ओढ असते आणि त्याचे काठ निसरडे असतात. अशा ठिकाणी डोक्याकडून सूर मारला आणि डोके तळावर आपटले, तर मान मोडते; मनुष्य जगला तरी जन्मभर अंथरुणाला खिळून राहण्याची पाळी येते. दर उन्हाळ्यात अशा दुःखद वार्ता कानी येतात. म्हणून पाण्याची खोली व तळ माहीत असल्यावाचून सूर मारू नये. एकट्याने पाण्यात उतरू नये. पोहणे जाणणारे वडील माणूस काठावर असावे. आणि सोबत्यांनी डिवचले म्हणून उडी घेऊ नये. अनोळखी पाण्यात उडी घेणाऱ्याला शूर म्हणत नाहीत, अविचारी म्हणतात. दहा मीटर उंचीवरून झेपावणारा खेळाडू शूर खराच. पण ती उंची चढण्यापूर्वी तो एक मीटरवरून, मग तीन मीटरवरून, मग पाच मीटरवरून शेकडो वेळा उतरलेला असतो. त्याचे धैर्य म्हणजे भीतीचा अभाव नव्हे. तयारीने जिंकलेली भीती, हेच त्याचे खरे धैर्य होय.

के. पी. ठक्कर यांच्या दोन सुवर्णपदकांना आज कितीतरी वर्षे लोटली. त्या विजयाचा अभिमान बाळगावा हे योग्यच. पण अभिमान हा काही सराव नव्हे. पूर्वजांचे पदक भिंतीवर शोभते. ते नवीन पदक जिंकून देत नाही. इतर राष्ट्रांनी तलाव बांधले, मुले निवडली, शिक्षक तयार केले आणि पहाटे उठून अभ्यास केला, म्हणून ती पुढे गेली. हाच नियम खेळाला लागू आहे, तसाच विद्येला, शेतीला आणि कारागिरीलाही लागू आहे.

धैर्य माणसाला मनोऱ्याच्या टोकापर्यंत नेते. तेथून पाण्यापर्यंतचा प्रवास मात्र शिस्तीच्या हाती असतो. धैर्य आणि शिस्त या दोहोंची जोड ज्याच्या ठायी झाली, त्याचा सूर पाण्यावर फारशी खूण न ठेवता आत शिरतो, आणि पाहणाऱ्यांच्या मनावर मात्र कायमची खूण ठेवून जातो.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे एकेका वाक्यात लिहा.
(अ) सूर मारण्याच्या खेळाचा ऑलिंपिक स्पर्धांत प्रथम समावेश केव्हा व कोठे झाला?
(आ) पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धांत भारताने एकूण किती पदके मिळविली?
(इ) स्पर्धेच्या वेळी तलावाच्या पाण्यावर फवारे का सोडतात?

२. मुटका आणि सूर यांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा. स्पर्धेतील खेळाडू मुटक्याचा उपयोग कसा करून घेतो?

३. सात पंचांनी एका सुराला ६, ६.५, ७, ७, ७.५, ८ व ८.५ असे गुण दिले. अवघडपणाचा अंक २ असल्यास खेळाडूला एकूण किती गुण मिळतील?

४. १९५१ नंतर या खेळात भारत मागे का पडला? धड्यात दिलेली कारणे लिहा. यांपैकी सर्वांत महत्त्वाचे कारण तुम्हांस कोणते वाटते, व का?

५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा: जमीन-अस्मानाचे अंतर असणे, मान डोलावणे, बोटांवर मोजण्याइतके असणे, अंथरुणाला खिळणे.

६. तुमच्या गावातील विहीर, नदी, कालवा किंवा तळे येथे पोहताना कोणती काळजी घ्यावी, याविषयी वडील माणसांना विचारून आठ ते दहा ओळी लिहा व त्या वर्गात वाचून दाखवा.